बी.एस्सी. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये अपेक्षा किती ठेवायची आणि मार्क कशाला द्यायचे?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पेपरही टाकलात ते बरं केलं, नाहीतर हवेत बोलणं झालं असतं. थोडक्यात असं, की तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही यंदाच तासिका तत्त्वावर लागल्या आहात, पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्स शिकवता, २० मार्कांची पहिली इंटर्नल टेस्ट घेतली आणि ४८ पोरांपैकी फक्त ९ जणांना ८ किंवा जास्त मार्क पडले. पोरं म्हणतात पेपर आउट ऑफ सिलॅबस होता, डिपार्टमेंटचे सिनियर सर म्हणतात सगळ्यांना सरसकट ६ मार्क वाढवा आणि विषय संपवा, आणि तुम्हाला वाटतं की असं केलं तर मग शिकवायचं कशासाठी. म्हणून विचारता की अपेक्षा कमी करू की मार्क वाढवू.

माझं मत, दोन्ही नको. मी विदर्भातच तालुक्याच्या ठिकाणी फर्स्ट इयरला आयुष्यभर शिकवलं, तुमच्यासारखीच पोरं, एसटीच्या पासवर येणारी, घरचं शेत असणारी. त्यावरून सांगतो. तुमची अपेक्षा जास्त नाही, ती पोरांना माहीतच नव्हती. पोरं तेच शिकतात ज्याचे मार्क मिळतात हे त्यांना दिसतं. आजवर त्यांना पाठ केलेलं लिहिण्याचे मार्क मिळाले, तुम्ही एकदम विचार करून लिहिण्याचे मार्क ठेवले आणि ते आधी करून घेतलं नाही, म्हणून त्यांना तो पेपर सिलॅबसच्या बाहेरचा वाटला, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते खोटं बोलत नाहीयेत.

तुमचा पेपरच बघा ना. पहिला प्रश्न न्यूटनचे तीन नियम लिहा, ५ मार्क. दुसरा, १५ किलोची पाण्यानं भरलेली बादली विहिरीतून दोरीनं वर ओढली, त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर दोरीतला ताण किती, १० मार्क. तिसरा, सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच पोचला त्या क्षणी त्याच्यावर कोणती बलं आहेत आणि त्वरण किती, कारणासहित, ५ मार्क. तुम्ही लिहिता की बहुतेक पोरं ५ ते ७ मध्ये अडकली. म्हणजे काय झालं, पहिला प्रश्न पूर्ण, बाकी जवळपास कोरं. हा आळशी वर्गाचा निकाल नाही. आळशी वर्गात पहिला प्रश्नही कोरा असतो. ही पोरं अभ्यास करून आली होती, फक्त त्यांना वाटलं अभ्यास म्हणजे पाठांतर.

आणि असं वाटण्यात गावाचा किंवा बोर्डाचा दोष आहे असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. १९९२ मध्ये अमेरिकेत हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची टेस्ट काढली, त्यात आकडेमोड नाहीच, नुसते असे चेंडू, गाडी, धक्का यांचे साधे प्रश्न. हार्वर्डला एरिक मझूर शिकवत होते, याच टेस्टचं आधीचं रूप त्यांनी वर्गाला दिलं, त्यांना वाटलं आपल्या विद्यार्थ्यांना हे हातचा मळ. तिथल्या पोरांची गणितं बरोबर येत होती, पण या साध्या प्रश्नांवर तीही अडखळली, आणि एका विद्यार्थिनीनं तर विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलं तसं देऊ की मला खरं वाटतं तसं देऊ. त्यानंतर मझूरांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. तर वर गेलेल्या चेंडूला वरच्या टोकाला त्वरण शून्य असतं असं तुमच्या ४८ पैकी ४० पोरांनी लिहिलं असेल तर ती जगभरातल्या पोरांसारखीच आहेत. त्वरण तिथंही खालीच आहे, ९.८, शून्य झाला तो वेग. हा गोंधळ नुसतं सांगून जात नाही, बरोबर उत्तर प्रत्येकाकडून दहादा लिहून घ्यावं, बोलून घ्यावं लागतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. इंटर्नलला किती मार्क, पास व्हायला किती, इंटर्नल आणि युनिव्हर्सिटी पेपर वेगवेगळे पास व्हावे लागतात की मिळून, हे अमरावती, नागपूर, गोंडवाना प्रत्येकाचं आपापलं आहे आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून तर बदलतंच राहतं, त्यामुळं तुमच्या युनिव्हर्सिटीचं ताजं परिपत्रक प्रिंट काढून टेबलावर ठेवा. दुसरं, तुम्ही तासिकेवर आहात, एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सोबत नसतील तर एकट्यानं पद्धत बदलायला जाऊ नका, त्रास तुम्हालाच होईल. तिसरं, शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज इंटर्नलला २० पैकी १८ उगाच देत असेल तर तुमच्या पोरांचा एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची ग्रेडची सरासरी, खाली राहतो, एम.एस्सी.च्या ॲडमिशनला त्याचा फटका बसतो, हे खरं आहे आणि याकडे डोळेझाक करून तत्त्व सांभाळण्यात अर्थ नाही. म्हणून मी नेहमी असं धरलं की चांगले मार्क मिळवण्याचे रस्ते भरपूर ठेवायचे, पण प्रत्येक रस्त्यावर फिजिक्स करावंच लागलं पाहिजे.

सरसकट ६ वाढवण्यात नेमकं काय वाईट ते बघा. ५ वाला ११ वर गेला, पास. १४ वाला २० वर गेला, पैकीच्या पैकी. दोघांनाही कळलं काय, तर दुसरा नि तिसरा प्रश्न कोरा सोडला तरी चालतं. पुढच्या टेस्टला ते दोन्ही प्रश्न आणखी जास्त पोरं कोरे सोडतील, कारण तुम्हीच तसं शिकवलं. काही जण म्हणतात की सगळ्यात वरच्याला ओ ग्रेड धरून बाकीच्यांना त्याप्रमाणे बसवा, आयआयटीसारखं. आपल्याकडे ग्रेड टक्क्यांवरून ठरते, ओ पासून पी पर्यंत आणि खाली एफ, त्यात ४८ पोरांच्या वर्गात कर्व्ह बसवून काही साधत नाही, उलट पोरं एकमेकांना नोट्स द्यायची बंद होतात.

मग मार्क द्यायचे कसे, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा लांबवतो.

तुमचा बादलीचा प्रश्न १० मार्कांचा आहे. उत्तर १५ गुणिले १०.३, म्हणजे १५४.५ न्यूटन. तुम्ही उत्तर बरोबर तर १०, चूक तर १ नाहीतर २ असं तपासलेलं दिसतं. मी असा प्रश्न पाच तुकड्यांत तपासतो, प्रत्येकी २ मार्क. बादलीचं चित्र काढून तिच्यावरची बलं बाणांनी दाखवली, २. कोणतं बल कोण लावतंय आणि वरची दिशा धन धरली की ऋण हे शब्दांत लिहिलं, २. न्यूटनचा दुसरा नियम या बादलीसाठी लिहिला, म्हणजे ताण वजा वजन बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, २. किंमती युनिटसकट टाकून उत्तर काढलं, २. आणि शेवटचे २ यासाठी, की उत्तर पटण्यासारखं आहे का हे एका ओळीत लिहिलं. बादली नुसती लटकवली असती तर ताण १४७ न्यूटन, वेग वाढवत वर ओढतोय तर त्याहून जास्त यायला पाहिजे, १५४.५ आलं, ठीक आहे. बस एवढी एक ओळ.

या शेवटच्या दोन मार्कांवर पोरं सुरुवातीला फार भांडतात. पण महिनाभरात वर्ग बदलतो तो याच ओळीनं. ज्या पोराला १५००० न्यूटन उत्तर येऊनही काही वाटत नव्हतं तो थांबून म्हणतो, सर, एवढ्यानं तं दोरच तुटून जाईन. तिथून त्याचं फिजिक्स सुरू झालं.

आता या पद्धतीनं तुमचेच पेपर बघा. एका पोरानं चित्र नीट काढलं, बलं दाखवली, पण समीकरणात ताण बरोबर वजन धरून १४७ लिहिलं. तुमच्या तपासणीत त्याला १, माझ्या तपासणीत ४ किंवा ५, कारण त्याला बलं समजली, त्वरणाचं काय करायचं ते समजलं नाही, आणि पुढच्या तासाला त्याला नेमकं काय शिकवायचं हे मला कळलं. दुसऱ्यानं काहीच न दाखवता १५४.५ लिहून खाली दोन रेघा मारल्या, त्याला माझ्याकडे २ च, मग तो कितीही हुशार असो. तो आला भांडायला की सर, उत्तर तं बरोबर हाय न, मंग मार्क काहून कापले? त्याला शांतपणे सांगायचं की उत्तराचे २ तुला दिले, बाकीचे ८ विचार दाखवण्याचे होते आणि तो तू दाखवला नाहीस. बारावीपर्यंत पाठ केलेलं लिहिलं आणि सीईटीला चार पर्यायांतला एक निवडला की झालं, त्यामुळं विचार कागदावर मांडायचा असतो हेच बऱ्याच जणांना नवीन असतं. आणखी एक नियम, गुणाकारात चूक झाली आणि ती पुढं तशीच गेली तर मार्क एकदाच कापायचा, चार ठिकाणी नाही.

पण ही तपासणी टेस्टच्या आधी जाहीर पाहिजे, नंतर नाही. मी पहिल्याच आठवड्यात एक सोडवलेला प्रश्न मार्कांच्या तुकड्यांसकट फळ्यावर लिहायचो, फोटो काढू द्यायचो. मग मागच्या वर्षीची दोन उत्तरं नाव न दाखवता द्यायची, एक लांबलचक पण पोकळ, एक छोटं पण नेमकं, आणि पोरांनाच म्हणायचं यांना मार्क द्या. पोरं आपापसात वाद घालतात, हा ४ म्हणतो तो ७ म्हणतो, त्या अर्ध्या तासात त्यांना जेवढं कळतं तेवढं माझ्या लेक्चरनं कधी कळलं नाही. दोन क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे उणेपुरे ३० तास, त्यातले असे दोन-तीन तास गेले तर पोर्शन कसा होणार ही भीती मला माहीत आहे. डेरिव्हेशन फळ्यावर पूर्ण उतरवण्यात जो वेळ जातो तो कमी करा, नोट्स द्या, आणि तो वेळ पोरांनी स्वतः सोडवण्यात घाला. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले होते, जिथं वर्गात पोरांकडून करून घेतलं जात होतं तिथं समज वाढण्याचं प्रमाण नुसत्या लेक्चरवाल्या वर्गांच्या साधारण दुप्पट होतं.

पेपर काढताना माझं ढोबळ प्रमाण असं, अर्धे मार्क वर्गात झालेल्याच प्रकाराचे, आकडे बदलून. एक तृतीयांशाच्या आसपास थोडं वळण दिलेलं, म्हणजे वर्गात बादली वर ओढली तर पेपरात खाली सोडली. उरलेले नवीन. नवीनवर कोणीच काही करू शकलं नाही तरी वर्ग नापास होत नाही, आणि ज्या दोन-चार पोरांना भूक आहे त्यांना काहीतरी चावायला मिळतं. तुमच्या पेपरात ५ मार्क पाठांतराचे आणि १५ एकदम नवीन होते, मधलं काहीच नव्हतं.

गणिताचं वेगळं सांगतो. पहिल्या आठवड्यात बिनमार्कांची एक छोटी टेस्ट घ्याच. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर, साइन ३० किती, दहाचा घात वजा तीनला घात पाचनं गुणलं तर काय, ग्राफची स्लोप काढ. ज्यांचं बारावीला गणित नव्हतं किंवा नावापुरतंच होतं ती पोरं इथंच दिसतात. बादलीच्या प्रश्नात कोरं सोडणारा पोरगा फिजिक्समुळं अडला की गणितामुळं, हे माहीत नसेल तर आपण भलत्याच जागी औषध लावतो.

भाषेचंही. पोरं मराठीतून विचार करतात आणि पेपर इंग्रजीत लिहितात, त्यात वाक्य जमलं नाही की विचारच सोडून देतात. इंटर्नलला मी सरळ सांगायचो की संज्ञा इंग्रजीत ठेवा, स्पष्टीकरण मराठीत लिहिलं तरी चालेल, पूर्ण मार्क. दिवाळीनंतर हळूहळू इंग्रजीकडे वळवायचं, कारण शेवटी युनिव्हर्सिटीचा पेपर दुसरं कोणी तपासणार आहे.

प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्या हातात असतात आणि तिथंच सगळ्यात जास्त खोटेपणा शिकवला जातो, म्हणून याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. साध्या लंबकावरून जी (g), म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा प्रयोग घ्या. सगळ्या रेकॉर्डमध्ये उत्तर ९८१, कारण मागच्या बॅचच्या रेकॉर्डमध्ये ९८१. मुळात आपल्या अक्षांशावर जी ९७८ ते ९७९ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गच्या दरम्यान येतो, ९८१ हा पुस्तकातला सर्वसाधारण आकडा आहे! स्टॉपवॉचनं तेवढा फरक पकडणं अवघड, ते सोडा, पण पोरांना हे विचारा की आपल्या उत्तरात किती चूक असू शकते. एक मीटरचा लंबक, एका दोलनाला साधारण २ सेकंद. बटन दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर वेळेत १० टक्के चूक, आणि वेळेचा वर्ग येतो म्हणून जी मध्ये २० टक्के. आता २० दोलनं मोजा, ४० सेकंद, चूक तीच ०.२, म्हणजे अर्धा टक्का, जी मध्ये १ टक्का. वीस दोलनं का मोजायची हे कोणत्याही पोराला असं एकदा करून दाखवलं की कायमचं कळतं. मी मार्क त्या दिवशी पेननं लिहिलेल्या, खाडाखोड असलेल्या, सही केलेल्या रीडिंगला द्यायचो. उत्तर ९६५ आलं आणि आपली चूक साधारण दीड-दोन टक्के असू शकते हे लिहिलं, पूर्ण मार्क. उत्तर बरोब्बर ९८१ आणि रीडिंग कुठं आहे विचारलं तर गप्प, त्याला पुन्हा करायला लावायचं.

हजेरीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी, घरी माणूस नसला की पोरगा नाहीतर पोरगी कॉलेजला येत नाही, आणि हिवाळी परीक्षा त्याच तोंडावर. हजेरीचा युनिव्हर्सिटीचा नियम आहे तो पाळा, पण फिजिक्सच्या मार्कांत हजेरी मिसळू नका. त्याऐवजी एका मोठ्या टेस्टच्या जागी छोट्या चार घ्या आणि सगळ्यात कमी मार्कांची एक सोडून द्या. टेस्ट पहिल्या तासाला ठेवू नका, सकाळची एसटी उशिरा आली की अर्धी पोरं बाहेर, आणि शक्यतो बाजाराच्या दिवशीही नको.

इथपर्यंतचं थोडक्यात, अपेक्षा आहे तीच ठेवा, ती मार्कांच्या तुकड्यांत मोडून आधी दाखवा, वर्गात करून घ्या, आणि संधी एकापेक्षा जास्त द्या.

आता हातातल्या ४८ पेपरांचं काय करायचं. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा प्रश्न वर सांगितलेल्या तुकड्यांनी सगळ्यांचा पुन्हा तपासला असता, त्या ९ जणांचाही. बऱ्याच जणांना २-३ मार्क तिथंच वाढतील आणि ते त्यांनी कमावलेले असतील. मग पेपर परत द्या, दोन तास त्याच प्रकारचे प्रश्न वर्गात सोडवून घ्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाच्या धर्तीवर १५ मार्कांची टेस्ट पुन्हा सगळ्यांसाठी ठेवा, जास्त असतील ते मार्क धरायचे. ज्यांना टेस्टला येणं जमलं नाही त्यांना प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये तोंडी विचारा, बाकीचे प्रयोग करत असताना एकेकाला पाच मिनिटं बोलावलं की दोन आठवड्यांत होऊन जातं, वेगळा वेळ लागत नाही. तोंडी विचारताना सूत्र विचारू नका, चेंडू वर जाताना हातानं दिलेलं बल अजून त्याच्यावर आहे का, एवढंच विचारा आणि का ते बोलू द्या.

हे करण्याआधी एक पानाचं टिपण करून एचओडींना दाखवा, सिनियर सरांनाही, त्यांना विरोध म्हणून नाही, तर असं म्हणून की सर, मार्क वाढतीलच, फक्त मला त्यामागं उत्तरपत्रिका हवी. बहुतेकदा ऐकतात, कारण त्यांनाही निकालाचीच काळजी असते. त्यांनी नाहीच ऐकलं आणि ६ मार्क वाढवायलाच लावले, तर सरकारी शीटवर वाढवा, पण पेपरावर तुमचे खरे मार्क तसेच राहू द्या आणि पेपर पोरांच्या हातात द्या, आपण कुठं उभे आहोत हे निदान त्यांना कळलं पाहिजे. सगळ्या उत्तरपत्रिका सेमिस्टर संपेपर्यंत जपून ठेवा.

पुढच्या टेस्टचा पेपर काढला की टाका इथं, मी बघून सांगतो कुठं मधली पायरी राहिली ते.